जाहिरात दिसली, पण दिली कोणी?

मैत्रिणींनो, गोष्ट आमच्या घरातली आहे, म्हणून आधी तीच सांगते. माझी धाकटी जाऊ कंधारला असते. तिची मुलगी दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली आणि आपल्या भागात अशा घरात जे होतं तेच झालं. येणारा-जाणारा प्रत्येक जण एकच नाव घेऊ लागला, लातूर. खरं तर नांदेडलाही आता क्लासची कमी नाही. भाग्यनगरकडे संध्याकाळी जाऊन बघा, पाठीवर दप्तर घेतलेल्या पोरापोरींनी रस्ता नुसता भरलेला असतो. पण ‘लातूर पॅटर्न’ म्हटलं की आईबापांचा जीव अजूनही थोडा जास्तच तिकडे ओढ घेतो.

एक दिवस जाऊबाईंचा फोन आला. “अक्का, ठरलं बघा. लातूरच्या एका क्लासला नाव घालूलालोत. आठ दिवसांत पोरीला पटलं नाही तर सगळी फी परत देतो म्हणूलालेत.”

“कोण म्हणतंय?”

“फोनवर रोज दाखवूलालेत की!”

चाळीस हजारांचा पहिला हप्ता भरला. पोरगी गेली, पाच दिवस राहिली आणि रडत परत आली. एका वर्गात दीडशे पोरं, ज्या सरांचा फोटो जाहिरातीत होता ते सर आठवड्यातून एकदा तोंड दाखवणार. ठीक आहे, आठ दिवस अजून झाले नव्हते. जाऊबाई फी परत मागायला गेल्या. काउंटरवरच्या मुलानं पावती पुढे केली. पावतीवर खाली बारीक अक्षरात छापलं होतं, एकदा भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही. “पण तुमच्या जाहिरातीत...” “कुठली जाहिरात? दाखवा ना मॅडम.”

आणि मैत्रिणींनो, दाखवायला जाहिरातच नव्हती. फोन वर-खाली करून करून त्यांचं बोट दुखलं. पंधरा दिवस ज्या जाहिरातीनं त्यांचा पिच्छा पुरवला होता, ती गायब.

तेव्हा मला पहिल्यांदा प्रश्न पडला. कागदावरची जाहिरात असती तर? रद्दीतून काढता आली असती, शेजारणीकडे मिळाली असती. अगदी नाहीच तर वाचनालयात जाऊन जुन्या अंकांच्या गठ्ठ्यातून शोधता आली असती. पेपरवाल्यानं कंधारला एक आणि नांदेडला दुसरी जाहिरात छापली असं घरागणिक होत नाही. साऱ्या गल्लीला एकच पान दिसतं. फोनचं तसं नाही. जाऊबाईंना दिसलेली जाहिरात त्याच घरातल्या, त्याच पलंगावर बसलेल्या त्यांच्या लेकीला एकदाही दिसली नव्हती! तिला दिसत होती ती होस्टेलवरच्या मैत्रिणींची गाणी-गप्पांची रील. आईला फी परतीची हमी आणि मुलीला होस्टेलची मजा. दुकान एकच, पण गिऱ्हाईक बघून पुडी बांधलेली.

आता थोडं मागे जाऊ. कारण जाहिरात कोणी दिली, किती पैसे दिले, हे लोकांना कळायला हवं की नको, या प्रश्नावर देशभर जो मोठा वाद झाला तो आपल्याच नांदेड जिल्ह्यातून सुरू झाला होता. तुमच्यातल्या बऱ्याच जणींना आठवत असेल.

२००९ च्या विधानसभा निवडणुकीची गोष्ट. त्या वेळचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण भोकर मतदारसंघातून उभे होते. निवडणुकीच्या दिवसांत मराठी वर्तमानपत्रांतून त्यांच्यावर पानंच्या पानं येत होती. ‘अशोकपर्व’ या नावाच्या पुरवण्याही निघाल्या. कुठेही ‘जाहिरात’ असा शब्द नाही, सगळ्या बातम्या आणि लेख. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी ही पानं गोळा केली, मोजली आणि ‘द हिंदू’मध्ये लिहिलं की केवळ चव्हाणांवरची किमान ४७ पूर्ण पानं त्यांच्या हाती आली आहेत. निवडणूक खर्चाच्या हिशेबात मात्र वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींपोटी दाखवलेला आकडा होता ५,३७९ रुपये. केबल टीव्हीवरच्या जाहिरातींचे ६,००० वेगळे. त्या वेळी विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा दहा लाखांची होती. चव्हाणांचं म्हणणं असं की आपण या मजकुरासाठी कुणाला पैसे दिले नाहीत. विरोधातले उमेदवार डॉ. माधवराव किन्हाळकर यांनी निवडणूक आयोगाकडे तक्रार केली. २०१० मध्ये प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांनी ‘पेड न्यूज’वर सविस्तर अहवाल तयार केला. भोकरचं प्रकरण पुढे थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. ५ मे २०१४ रोजी न्यायालयानं सांगितलं की उमेदवारानं दिलेला हिशेब खरा आहे की नाही हे तपासायचा अधिकार आयोगाला आहे. जुलैमध्ये आयोगानं चव्हाणांना नोटीस दिली आणि सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं ती रद्द केली. तोवर पाच वर्षं होऊन गेली होती आणि त्या विधानसभेची मुदतही संपत आली होती.

मी स्वतः वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहिते, त्यामुळे हे लिहिताना हात जरा अडखळतो. काचेच्या घरातल्या बाईनं दगड जपूनच उचलावा. पण त्या प्रकरणातली एक गोष्ट मला आज फार महत्त्वाची वाटते. खटला कुणी जिंकला, कुणी हरला ते बाजूला ठेवा. साईनाथांना पानं मोजता आली, कारण पानं होती! तारखेसकट, पेपरच्या नावासकट, कुणीही बघू शकेल अशी. भोकरमधल्या चाळीशीच्या बायकांना एक पान आणि पंचविशीच्या पोरांना दुसरं पान, तेही सकाळी वाचून झालं की हवेत विरून जाणारं, असं असतं तर काय मोजलं असतं?

आपल्या कायद्याला ही गोष्ट फार पूर्वी कळली होती. निवडणुकीतलं साधं हँडबिल घ्या. भिंतीवरचं पोस्टर घ्या. त्यावर खाली मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापलेला असतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७-अ कलमानं तो छापावाच लागतो. छापखानेवाल्याला त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावी लागते. नाही दिली तर सहा महिन्यांपर्यंत तुरुंग किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे ‘हे कोणी छापलं’ असं विचारायचा हक्क आपल्याला हँडबिलाच्या बाबतीत आहे. दोन रुपयांच्या गुलाबी कागदाला जे लागू, ते लाखो रुपयांच्या फोनवरच्या प्रचाराला का नसावं?

अगदीच काही नाही असं नाही हं. २५ ऑक्टोबर २०१३ ला निवडणूक आयोगानं सोशल मीडियासाठी सूचना काढल्या. उमेदवारानं प्रतिज्ञापत्रात आपली सोशल मीडियावरची खाती सांगायची. इंटरनेटवरची जाहिरात आधी समितीकडून तपासून घ्यायची. कंपन्यांना दिलेले पैसेच नव्हे, तर पोस्ट तयार करणाऱ्या पोरांचे पगारसुद्धा खर्चात धरायचे. मग २०१९ च्या लोकसभेच्या तोंडावर, फेब्रुवारीपासून, फेसबुकनं भारतात राजकीय जाहिरातींवर पैसे कोणी भरले ते दाखवायचा नियम लागू केला आणि त्या जाहिरातींचं एक कपाट सगळ्यांसाठी उघडं ठेवलं. त्याला ‘अ‍ॅड लायब्ररी’ म्हणतात. गुगलनंही त्याच सुमारास आपलं असंच दालन उघडलं.

हे कपाट तुम्ही-आम्हीसुद्धा उघडू शकतो, आणि त्यासाठी खातं असायची गरज नाही. मोबाइलवर ‘मेटा अ‍ॅड लायब्ररी’ असं शोधा, देश भारत निवडा, जाहिरातीचा प्रकार निवडा आणि तुमच्या आमदारांचं, खासदारांचं, पक्षाचं नाव टाका. मी एका दुपारी जेवणं आटोपल्यावर बसले ती चहाची वेळ टळून गेली तरी तिथेच. राजकीय जाहिरात असेल तर ती कधी सुरू झाली, साधारण किती रुपये लागले, किती वेळा दिसली, बायकांना जास्त दाखवली की पुरुषांना, कोणत्या वयाला, हे सगळं तिथे कळतं. जाहिरात बंद झाल्यावरही सात वर्षं ती तिथे राहते.

याचा उपयोग किती, ते एका उदाहरणावरून सांगते. २०२२ च्या मार्चमध्ये ‘द रिपोर्टर्स कलेक्टिव्ह’ या पत्रकारांच्या गटानं आणि ‘अ‍ॅड वॉच’च्या संशोधकांनी फेब्रुवारी २०१९ ते नोव्हेंबर २०२० या २२ महिन्यांतल्या फेसबुकवरच्या राजकीय जाहिराती तपासल्या. त्यांना दिसलं की दहा लाख वेळा जाहिरात दाखवायला भाजपला सरासरी ४१,८४४ रुपये पडले आणि काँग्रेसला ५३,७७६. कंपनीचं म्हणणं, आमचे नियम सगळ्यांना सारखेच आहेत. ज्याला जे पटेल ते पटो. पण हा वाद घालता आला तोच मुळी ती माहिती उघडी होती म्हणून. भोकरच्या ४७ पानांसारखंच हे.

पण या कपाटाला भोकंही पुष्कळ आहेत. खर्चाचा आकडा नेमका नसतो, ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असा असतो. जागा दिसते ती राज्यापुरती. महाराष्ट्र म्हटलं की झालं, भोकरला दाखवली की निलंग्याला ते कळत नाही. पैसे भरणाऱ्याच्या जागी कधी एखाद्या पेजचंच नाव असतं. ‘अमुक तमुक विचार मंच’. आता हा मंच कुणाचा, त्याचा खजिनदार कोण, ते शोधत बसा! शिवाय जाहिरात राजकीय आहे हे आधी देणाऱ्यानं सांगायचं. त्यानं सांगितलं नाही आणि यंत्राच्या नजरेतूनही निसटलं, तर ती त्या कपाटात लागतच नाही.

सगळ्यात मोठं भोक मात्र वेगळंच आहे. आपल्याकडे हल्ली गावोगाव रील करणारे झालेत. कुणी पाककृती दाखवतं, कुणी नवऱ्याची टिंगल करतं, आपण हसतो, पुढे पाठवतो. अशीच एखादी ताई एक दिवस हसत हसत एखाद्या नेत्याचं किंवा योजनेचं कौतुक करून जाते. तिला कुणी पैसे दिले असतील तर ते थेट तिच्या हातात गेले, कंपनीकडे नाही. मग कंपनीच्या लेखी ती जाहिरातच नाही, मैत्रिणीनं मारलेली गप्प आहे. २००९ मध्ये जाहिरात बातमीचं लुगडं नेसून आली होती, आता ती शेजारणीचा गाऊन घालून येते, एवढाच फरक. अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलनं २०२१ मध्ये, आणि ग्राहक संरक्षण खात्यानं २०२३ मध्ये, पैसे किंवा वस्तू घेऊन वस्तूची शिफारस केली तर तसं स्पष्ट लिहा म्हणून सांगितलेलं आहे. पण खरं सांगा, तुमच्या फोनवरच्या किती रीलवर तुम्ही असं लिहिलेलं पाहिलंय?

आता परत जाऊबाईंकडे. मी मोठ्या उत्साहात त्यांना म्हटलं, थांबा, मी त्या कपाटातून तुमची जाहिरात काढून देते. क्लासचं नाव टाकलं. पेज सापडलं. तीन जाहिराती चालू होत्या, तिन्हीत फी परतीचा शब्दही नाही. जुनी जाहिरात नाहीच. मग लक्षात आलं, सात वर्षांची ती सोय फक्त राजकीय आणि सामाजिक विषयांच्या जाहिरातींना. क्लास, साड्या, वजन कमी करायचं चूर्ण, शुगर मुळापासून घालवणारा काढा, घरबसल्या पॅकिंगचं काम, यांच्या जाहिराती आपल्या देशात फक्त चालू आहेत तोवरच दिसतात. बंद केली की कपाट रिकामं. पैसे किती भरले ते तर चालू असतानाही दिसत नाही.

मला याचा राग आला, आणि तो दुप्पट झाला जेव्हा समजलं की युरोपात असं नाही. तिथल्या नव्या डिजिटल कायद्यानं ऑगस्ट २०२३ पासून मोठ्या कंपन्यांना सगळ्याच जाहिराती, अगदी साबणाचीसुद्धा, शेवटची दाखवल्यापासून एक वर्ष उघड्या ठेवाव्या लागतात. कोणाची, पैसे कोणी दिले, कोणाला दाखवायची म्हणून ठरवलं होतं, किती जणांपर्यंत पोचली, सगळं. तिथल्या राजकीय जाहिरातींचे नियम तर ऑक्टोबर २०२५ पासून इतके कडक झाले की मेटा आणि गुगल या दोघांनीही तिकडे राजकीय जाहिराती घेणंच बंद केलं. ते बरं झालं की वाईट यावर वाद होऊ शकतो, कारण छोट्या पक्षांचा आवाज त्यानं बंद होतो असं म्हणणारेही आहेत. पण मुद्दा असा की कंपनी तीच, यंत्र तेच. पॅरिसमधल्या बाईला गेल्या वर्षाची क्लासची जाहिरात सापडते आणि कंधारच्या बाईला गेल्या आठवड्याची सापडत नाही. हे तांत्रिक कारणानं होत नाही. तिथे कायद्यानं विचारलं, इथे अजून विचारलं नाही.

यावर माझी एक मैत्रीण म्हणाली, “अगं, आमच्या बचत गटाची शेवया-पापडाची जाहिरात आम्ही शंभर-दोनशे रुपये भरून करतो. आमचीपण नोंद ठेवणार का?” हा प्रश्न बरोबर आहे. छोट्या व्यवसायाला कागदपत्रांचा ताप नको. पण नोंद कंपनीनं ठेवायची आहे, तिनं नाही. आणि शेवयांची जाहिरात वर्षभर कुणाला दिसली तर तिचं नुकसान काय? उलट दोन गिऱ्हाइकं वाढतील. मी हे बोलल्यावर ती हसली, पण तिला ते पूर्ण पटलं असं काही मला दिसलं नाही.

क्लासच्या बाबतीत म्हणाल तर नियम आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं १३ नोव्हेंबर २०२४ ला कोचिंग क्लासच्या जाहिरातींसाठी खास मार्गदर्शक सूचना काढल्या. पास झालेल्या मुलाचा फोटो वापरायचा तर त्याची लेखी परवानगी हवी, आणि तीही तो पास झाल्यानंतर घेतलेली. ॲडमिशनच्या फॉर्मवर आधीच सही घेऊन ठेवायची नाही. त्या मुलानं नेमका कोणता कोर्स केला, किती दिवसांचा, फी भरून की फुकट, तेही फोटोसोबत सांगायचं. म्हणजे बघा, दोन वर्षं एका क्लासला आणि शेवटचे पंधरा दिवस टेस्ट सिरीजला दुसरीकडे गेलेली मुलगी दोन्हीकडच्या बॅनरवर झळकते ती का, याचं उत्तर आपल्याला मिळायला हवं. तोवर प्राधिकरणानं १८ संस्थांना मिळून ५४ लाख ६० हजारांचा दंड केला होता. तक्रारीसाठी १९१५ हा फोन नंबर आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी पडत नाही.

पण तक्रार करायची तर पुरावा लागतो, आणि आमचं घोडं तिथेच अडलं होतं.

सुटलं ते अगदी बायकी पद्धतीनं. जाऊबाईंनी दहावीच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं, कुणाकडे ती जाहिरात आहे का. दोन दिवस कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी अहमदपूरच्या एका बाईंनी फोटो पाठवला. त्या तीन क्लासच्या फीची तुलना करत होत्या आणि नवऱ्याला दाखवायला म्हणून त्यांनी स्क्रीनशॉट काढून ठेवले होते. त्यात तारीख, पेजचं नाव आणि ठळक अक्षरात ते वाक्य, आठ दिवसांत पूर्ण फी परत. अहमदपूरच्या त्या बाईंना मी अजून भेटलेले नाही, पण भेटले की साडी-चोळी करणार आहे.

१९१५ वर तक्रार नोंदवली, सोबत तो फोटो जोडला. पंधरा दिवसांनी क्लासकडून फोन आला, पंचवीस हजार परत देतो, मिटवून टाका. जाऊबाई म्हणाल्या, “चाळीस भरलेत, चाळीसच द्या.” पुढे काय होतंय ते अजून ठरायचंय. पोरगी आता नांदेडला माझ्याकडे राहून शिकते आहे आणि खूश आहे.

जाऊबाई मात्र तेव्हापासून कोणतीही जाहिरात दिसली की आधी फोटो काढतात आणि मला पाठवतात. काल रात्री अकरा वाजता आला, सातशेच्या दोन पैठण्या, शिल्लक फक्त तीन नग. खाली लिहिलं होतं, “अक्का, ठेवून द्या. उद्या नाही म्हणतील.”